‘सध्या काय वाचत आहात?’ : तीच ती तीन नावे किती दिवस सांगायची?

पंचगंगाकाठ :
कोल्हापुरात चार वाचणारी माणसे एकत्र आली आणि कोणी ‘सध्या काय वाचताय?’ असे विचारले, की ‘ययाति’, ‘स्वामी’ आणि ‘मृत्युंजय’ ही नावे आल्याशिवाय राहत नाहीत. त्यामागचा जिव्हाळा मी समजू शकतो. खांडेकरांनी आयुष्याचा मोठा काळ या शहरात काढला, रणजित देसाई कोवाडचे आणि शिवाजी सावंत आजऱ्याचे. मराठीतले पहिले ज्ञानपीठ १९७४ मध्ये खांडेकरांना मिळाले, याचाही अभिमान अजून ओसरलेला नाही. पण या कादंबऱ्या अनुक्रमे १९५९, १९६२ आणि १९६७ सालच्या आहेत, आणि माझी दाट शंका अशी आहे की, त्यांची नावे घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या कॉलेजात असताना वाचल्या आणि नंतर उघडल्याच नाहीत.

दरम्यान साहित्य अकादमीचा पुरस्कार २०२१ मध्ये किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ या कथासंग्रहाला आणि २०२३ मध्ये कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला मिळाला. दोघेही आपल्याच जिल्ह्याचे लेखक. सत्काराला सभागृह भरते, पुस्तकावर बोलायला मात्र माणूस सापडत नाही. मी सध्या ‘रिंगाण’ वाचत आहे. धरणामुळे गाव उठले, माणसे दुसरीकडे वसली, पण मागे राहिलेली म्हैस रानात राहून रानटी झाली, आणि तिला आणायला माणूस पुन्हा त्या जागी जातो, एवढेच कथानक. परंतु दावणीचे जनावर माणसाची ओळख विसरते तेव्हा नेमके कोण विस्थापित झाले, हा प्रश्न वाचताना पाठ सोडत नाही. आपल्याकडे इतकी धरणे असताना हे पुस्तक घरोघरी का नसावे?

म्हणून माझी सूचना अशी की, गणपतीपर्यंत तरी या धाग्यावर गेल्या पंचवीस वर्षांतीलच पुस्तके सांगावीत.

खडूफळा :
ही अट मला मुळीच मान्य नाही. पुन्हा वाचणे हेही वाचणेच आहे, किंबहुना अनेकदा तेच खरे वाचन असते. मी आयुष्यभर मराठी शिकवले, आणि सध्या माझ्या उशाशी ‘मृत्युंजय’च आहे. या कादंबरीत कर्णाखेरीज कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही आपापल्या तोंडून कथा सांगतात, हे आपणांस ठाऊक असेलच. तरुणपणी मी कर्णाची प्रकरणे अधाशासारखी वाचत असे आणि बाकीच्यांची भराभर उलटत असे. आता कर्णाचे भाषण मला काही ठिकाणी फार लांबलेले वाटते, आणि नवऱ्याच्या दानशूरपणाची किंमत घरात बसून मोजणाऱ्या वृषालीपाशी मात्र मी थांबते. पुस्तक १९६७ सालचे असले तरी हे वाचन आजचेच आहे. ते आपल्या यादीत कोणत्या नियमाने बसत नाही?

वाचनालयकर :
दोघांच्याही वादात एक व्यावहारिक बाजू सुटत आहे, म्हणून लिहितो. नवी कादंबरी आज चारशे-पाचशे रुपयांच्या घरात जाते. ती विकत घेणारा वाचक थोडा, आणि वाचनालयात तिच्या प्रती एक किंवा दोन. ‘मृत्युंजय’च्या मात्र चार जीर्ण प्रती कपाटात असतात, पुठ्ठा बांधून पुन्हा पुन्हा फिरवलेल्या, आणि त्यामुळे लोक तेच घेऊन जातात. याला आवड म्हणायचे की उपलब्धता, हे ठरवणे कठीण आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, आणि कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता; महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. एवढी परंपरा असलेल्या जिल्ह्यातही गावच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान श्रेणीच्या, वाचनालयाला मिळणाऱ्या अनुदानात किती नवी पुस्तके बसतात, हे एकदा तिथे जाऊन पाहावे. वाचकांना नावे ठेवण्याआधी एवढे केले तर बरे होईल.

पंचगंगाकाठ :
वाचनालयकर, अनुदानाची अडचण खरी आहे, पण ती पूर्ण उत्तर नव्हे. वाचनालयात मागणीची वही असते, आणि ज्या पुस्तकाला दहा जणांची मागणी येते ते बहुधा येतेच. मागणी करायची तर पुस्तकाचे नाव आधी कानावर पडले पाहिजे, आणि ते पडावे म्हणूनच मी ही अट घालत आहे. खडूफळाताई, आपण वृषालीविषयी लिहिले तसे कोणी लिहिणार असेल तर पुस्तक कितीही जुने असो, माझी तक्रार नाही. पण दहांतले नऊ जण फक्त नाव लिहून मोकळे होतात, हे आपणही पाहिले असेल.

पहिली_पाळी :
मी शिरोली एमआयडीसीत काम करतो. जाता-येता ऑडिओबुक ऐकतो, कारण पाळीवरून घरी आल्यावर डोळे पुस्तकावर ठरत नाहीत. ते वाचनात धरणार असाल तरच पुढे लिहितो.

खडूफळा :
अवश्य लिहावे. कीर्तन ऐकून पिढ्या शहाण्या झाल्या, त्यात कोणी पुस्तक उघडले होते का?

सीमेवरचा :
मला मूळ लेखातली दुसरीच गोष्ट खटकली. लेखक आपल्या जिल्ह्याचा आहे म्हणून त्याचे पुस्तक वाचावे, हा आग्रह साहित्याचा नसून भावकीचा आहे. मी गडहिंग्लजकडचा. आमच्याकडे बाजारात मराठी आणि कन्नड दोन्ही कानावर पडतात, पण कन्नड लिपी मला वाचता येत नाही, म्हणून भैरप्पांचे महाभारतावरचे ‘पर्व’ मी उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादातून वाचत आहे. मूळ कन्नड कादंबरी १९७९ सालची, म्हणजे आपल्या अटीनुसार बाद. पण खडूफळाताईंनी ‘मृत्युंजय’ काढलेच आहे, तर हे शेजारी ठेवून पाहावे. ‘पर्व’मध्ये देव खाली उतरत नाहीत, शाप आणि वर चालत नाहीत. नियोग, म्हणजे वंशासाठी परपुरुषाकडून संतती मिळवणे, ही त्या काळच्या कुळांची रीत म्हणून येते, आणि युद्ध म्हणजे धूळ, भूक, दुर्गंधी आणि धान्याची चिंता. सावंतांचा कर्ण मनात असताना हे वाचले, तर पहिली शंभर पाने राग येतो. मला आला. तरीही मी ते खाली ठेवले नाही. दोन जुन्या पुस्तकांमधले हे भांडण मला कोणत्याही नव्या पुरस्कारापेक्षा अधिक ताजे वाटते.

पंचगंगाकाठ :
भावकीचा आरोप मी स्वीकारत नाही. ‘रिंगाण’ आपल्याकडचे आहे म्हणून वाचा असे मी म्हणत नाही. त्यातला डोंगर आणि पाऊस आपण रोज पाहतो, त्यामुळे लेखकाने कुठे नेमके लिहिले आणि कुठे नाही, हे पुण्या-मुंबईच्या समीक्षकापेक्षा आपल्याला अधिक कळेल, एवढेच माझे म्हणणे आहे. तशी चिकित्सा येथे कोणी केली, तर ती पुस्तकाविरुद्ध गेली तरी मला हवी आहे. अट मी कायम ठेवतो. ‘पर्व’ला अपवाद करावा की नाही, हे बाकीच्यांनी सांगावे.

खडूफळा :
अपवाद करायचाच तर ‘मृत्युंजय’लाही करावा, नाहीतर सीमेवरचे गृहस्थ शेजारी ठेवणार काय? ‘रिंगाण’साठी मी आज वाचनालयाच्या वहीत नाव लिहून आले आहे. माझ्या आधी तिघे आहेत, त्यामुळे तोवर वृषालीच चालू राहील.