मदत हवी आहे : मायनिंगमध्ये आधी एमटेक की आधी खाणीतला अनुभव?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. नागपूरला राहून मायनिंगचं बीटेक यंदा पूर्ण केलं, सध्या घरी सिडकोत आहे. इथे सिव्हिल-मेकॅनिकलचं विचारायला गल्लीत दहा जण मिळतील, पण मायनिंगचा गेट (एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा) दिलेलं ओळखीत कुणीच नाही. म्हणून इथे विचारतेय.

गेटचा स्कोअर चांगला आलाय. धनबाद किंवा खरगपूरला एमटेक करायची इच्छा आहे, रॉक मेकॅनिक्स आणि ब्लास्टिंगमध्ये. त्याच वेळी चंद्रपूरकडच्या एका खासगी ओपनकास्ट (वरून उघड्या) कोळसा खाणीत ट्रेनी म्हणून घ्यायला तयार आहेत. आधी काय करू?

हाच विषय का, ते सांगते. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी सुरुंगांमुळे जमिनीला बसणारे हादरे मोजले. खाणीबाहेरच्या साध्या घरांसाठी डीजीएमएसची (खाण सुरक्षा महासंचालनालयाची) मर्यादा, म्हणजे जमीन किती वेगाने हलली तर चालेल, ती हादऱ्याच्या वारंवारतेवर ठरते : 8 हर्ट्झच्या खाली सेकंदाला 5 मिमी, 25 च्या वर 15 मिमी. कमी वारंवारतेचा हादरा घराच्या स्वतःच्या वारंवारतेजवळ जातो आणि भिंत जास्त हलते, म्हणून तिथे मर्यादा कडक. गावातल्या बायका भिंतींच्या भेगा दाखवायच्या, तेव्हा हे आकडे नुसते आकडे राहिले नाहीत. नाशिकच्या आजूबाजूच्या दगडखाणींतही तोच प्रश्न आहे. शिवाय आपल्याकडे बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातकट पट्टा येतो, वरचा पाषाण कठीण आणि हा मऊ. अशा खडकात सुरुंग कसा भरायचा, कडा किती उतार देऊन ठेवायचा, यावर मला काम करायचंय.

अडचण पैशांची आहेच. गेटवरून एमटेकला महिन्याला 12,400 रुपये मिळतात, त्यात माझं भागेल, पण धाकट्या भावाचं शिक्षण अजून व्हायचंय. पप्पांना दुसरीच काळजी, मुलगी खाणीत कशी उतरणार. 2019 मध्ये केंद्र सरकारने खाण कायद्याच्या कलम 46 मधून सूट दिली आणि बायकांना भूमिगत खाणीत काम करायची वाट मोकळी झाली, हे त्यांना सांगितलं. पण कायदा सांगून घरचे निर्धास्त होत नाहीत. प्रत्यक्ष खाली काम केलेल्या कुणी ताई इथे असतील तर कृपया लिहा, मी ते त्यांना वाचून दाखवेन.

प्रतिसाद – वर्धाखोरे

ताई, मी कोळशातच नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझं मत स्पष्ट आहे : आधी खाण. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, तो कुठे जात नाही. खाणीचा मॅनेजर व्हायला जे सर्टिफिकेट लागतं त्याला मात्र खाणीतला अनुभवच लागतो, वर्गातली दोन वर्षं त्यात धरत नाहीत.

पण रुजू होण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. नुसत्या ओपनकास्टच्या अनुभवावर मिळणारं सर्टिफिकेट ओपनकास्टपुरतंच मर्यादित असतं. पुढे भूमिगत खाणीत जायचं असेल तर जमिनीखालचा अनुभवही हवा. शिवाय कोळशाचं आणि धातूखाणींचं सर्टिफिकेट वेगवेगळं. अनुभवाचा दाखला मॅनेजरच्या सहीनिशी वेळच्या वेळी घ्या, नोकरी सोडल्यावर त्यासाठी फेऱ्या मारणारी पोरं मी पाहिली आहेत.

आणि सुरुंगाच्या भोकाजवळ वर्षभर उभं राहिल्यावर एमटेकला काय शोधायचं ते तुम्हाला नेमकं कळेल.

धागाकर्ती

काका, मनापासून आभार. सर्टिफिकेटच्या मर्यादेचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आता एकच विचारते : खासगी ओपनकास्टमध्ये वर्ष काढून मग मॉयलसारख्या (सरकारी मँगनीज कंपनी) भूमिगत मँगनीज खाणीत गेले, तर कोळशातल्या त्या वर्षाचा धातूखाणीच्या सर्टिफिकेटला काही उपयोग होतो का? तसं नसेल तर कोळसा की मँगनीज, हे मला रुजू होण्याआधीच ठरवावं लागेल. चंद्रपूरच्या खाणवाल्यांना पुढच्या आठवड्यात उत्तर द्यायचंय.