लॅगरपेटिड कोणाचे भाऊबंद?

गोदाकाठ : ‘लॅगरपेटिड हे डायनासोरांचे आजोबा’ असे काल येथे कोणी ठोकून दिले आणि त्यावर वाहवा झाली, म्हणून हे उत्तर. लॅगरपेटिड म्हणजे ट्रायासिक काळातले (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे) छोटे सरपटणारे प्राणी. जीवाश्मतज्ज्ञ रोमर यांनी १९७१ मध्ये त्यांपैकी अर्जेंटिनातील लॅगरपेटॉनचे नामकरण मागच्या पायाच्या हाडांवरून केले. पुढे अनेक वर्षे हाती बहुतांशी पायच राहिले आणि त्यांच्या ठेवणीमुळे हे कुळ डायनासोरांच्या पंगतीला बसले. २०२० मध्ये कवटी, आतला कान आणि हात तपासले गेले, तेव्हा सोयरीक टेरोसॉरशी, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या उडणाऱ्या सरीसृपांशी, जुळली.

लेणीवाला : तोल राखणाऱ्या कानाच्या नळ्या कोणत्याही चपळ प्राण्यात मोठ्या होऊ शकतात. पंखाचा मागमूस नसताना एवढी खात्री कशी?

गोदाकाठ : खुणा तीसहून अधिक आहेत, एक कान नव्हे. पंख नाहीत म्हणूनच त्यांना टेरोसॉर न म्हणता त्यांचे भाऊबंद म्हटले आहे. टीका करण्यापूर्वी एवढे तरी वाचावे.

सिन्नर फाटा : बरेचसे अर्जेंटिना-ब्राझीलचेच! आपल्याकडे कोणी शोधतच नाही, हे खरे दुखणे आहे. माझ्या मामांना पांडवलेणीजवळच्या खाणीत पंख्यासारखे पांढरे हाड सापडले होते. एका महाविद्यालयात दाखवले, तर हसून वाटेला लावले.

लेणीवाला : ते स्टिल्बाइट या खनिजाचे स्फटिक असणार, त्या खाणींत ते मिळतातच. नाशिकचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे आणि लॅगरपेटिड त्याच्या १३ कोटींहून अधिक वर्षे आधीच संपले होते.

सिन्नर फाटा : मामा उन्हात खाणीत उभे होते, आपण पंख्याखाली बसून निकाल देता! कोंगोनाफॉन हा लॅगरपेटिड मादागास्करात सापडला आणि ते बेट तेव्हा भारताला चिकटलेले होते. शिवाय गोदावरीच्या खोऱ्यात ट्रायासिक जीवाश्म आहेतच की!

लेणीवाला : नदी त्र्यंबकला उगम पावते म्हणून तेलंगणातले मलेरीचे ट्रायासिक थर नाशिकचे होत नाहीत. तेथे हायपरोडापेडॉनसारखे ऱ्हिंकोसॉर (चोचीचे शाकाहारी सरीसृप) मिळतात, तेव्हा लहान प्राणीही शोधायला हवेत, एवढे आपले म्हणणे नाइलाजाने मान्य. मात्र कोंगोनाफॉन जेमतेम १० सेंटीमीटर उंचीचा होता. मामांना पाठवाल तेव्हा बारीक चाळणी सोबत द्यावी.

गोदाकाठ : आणि टेरोसॉरचे काय?

लेणीवाला : ‘सध्या तरी सर्वांत जवळचे’, इतकेच लिहून देतो. कवटीपासून पायापर्यंत सलग सांगाडा दाखवा, मग पुढचे बोलू.