जाहिरातदार तरुणांना घाबरत नाहीत, कशाला घाबरतात ते ऐका

खडूस_प्लॅनर
काल इथे एकाने लिहिलं की जाहिरातीचे पैसे म्हाताऱ्यांच्या हातात आहेत, त्यांना नवीन काही कळत नाही, म्हणून तरुण जिथे आहेत तिथे खर्च करायला ते घाबरतात. खाली लाइकचा पाऊस. बारा वर्षं मीडिया प्लॅनिंग केलंय, म्हणजे कोणाची जाहिरात कुठे लावायची ते ठरवायचं काम, डोकंच फिरलं वाचून, म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो, क्लायंट काम देताना जे ब्रीफ लिहून देतो त्याच्या पहिल्या ओळीत "१८ ते २४" वयोगट असतोच. भीती तरुणांची नाही, जाहिरात कोणाच्या शेजारी जाऊन बसेल त्याची आहे. २०१७ च्या मार्चमध्ये यूट्यूबवर अतिरेकी व्हिडिओंवर नावाजलेल्या ब्रँडच्या जाहिराती लागलेल्या सापडल्या आणि एकेकाने हात काढून घेतला. २०१९ च्या फेब्रुवारीत लहान मुलांच्या व्हिडिओंखालच्या घाणेरड्या कमेंट उघड झाल्या, डिस्ने आणि नेस्ले थांबले. टीव्हीवर स्पॉट घेतला की आधी काय आहे नंतर काय आहे ते माहीत असतं. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांचे व्हिडिओ चढत होते, हा २०१९ चाच आकडा, कोण बसून बघणार?

माझ्याच एका क्लायंटची मुलांच्या सायकलींची जाहिरात अपघाताच्या व्हिडिओआधी लागली. रात्री पावणेबाराला स्क्रीनशॉट आला, मालकाच्या मेव्हण्याने पाठवलेला. त्या व्हिडिओवर आमची जाहिरात एकूण चार वेळा दिसली होती. चार. पण तो स्क्रीनशॉट पुढे वर्षभर प्रत्येक मीटिंगमध्ये निघायचा, आणि ऐकून कोण घ्यायचं, मी.

रील_वाली
म्हणजे मेव्हण्याच्या एका स्क्रीनशॉटसाठी तुम्ही वर्षभर पैसे अडवलेत आणि वर सांगताय की घाबरत नाही. हीच तर भीती! टीव्ही कोण बघतं हो आता वीस वर्षांचं? माझ्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये एकीच्याही खोलीत टीव्ही नव्हता. जिथे कोणी नाही तिथे तुमची जाहिरात एकदम सुरक्षित, एवढंच.

दोन_सेकंद
दोघंही मूळ मुद्दा सोडून बोलताय. प्रश्न हिशोबाचा आहे. व्हिडिओ जाहिरात "दिसली" कधी म्हणायची, तर निम्मे पिक्सेल सलग दोन सेकंद स्क्रीनवर असले की झालं, हे इंडस्ट्रीचं मान्य माप. दोन सेकंदात अंगठा पुढे गेलेला असतो. आणि २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलंच की व्हिडिओ बघण्याचा सरासरी वेळ फुगवून दाखवला गेला, कारण तीन सेकंदांच्या आत सोडून गेलेले लोक भागाकारात धरलेच नव्हते. पुढच्या वर्षी टाइड-पॅम्पर्सवाल्या पी अँड जीने एका तिमाहीत १० कोटी डॉलरच्या वर डिजिटल खर्च कापला आणि सांगितलं की धंद्यावर फारसा परिणाम झाला नाही. एवढं झाल्यावर कोणी हात आखडता घेतला तर त्याला भित्रा म्हणायचं?

फ्रेमकापी
तुमचे करोडोंचे हिशोब चालू द्या, मार आम्ही खातो त्याचं काय. पाळीच्या दुखण्यावर डॉक्टरीण बाईंना घेऊन व्हिडिओ केला, अठरा-वीसच्या मुलींसाठी. अकरा दिवस एडिट. अपलोड करून पाच मिनिटं नाही झाली तर शेजारी पिवळा डॉलर, म्हणजे जाहिराती जवळपास बंद. रिव्ह्यू मागितला, तिसऱ्या दिवशी हिरवा झाला, पण तोपर्यंत जे बघायचे ते बघून गेले होते, पैसे कुठून येणार? आणि त्याच आठवड्यात शिव्या घालत प्रँक करणाऱ्याला हिरवा. कोण ठरवतं हे?

रील_वाली
+१. माझ्या मैत्रिणीला तर डिप्रेशन हा शब्द टायटलमधून काढावा लागला.

दोन_सेकंद
फ्रेमकापी, वाईट झालं, पण हा वेगळा विषय आहे. वेगळा धागा काढा.

फ्रेमकापी
वेगळा कसा?? तरुण मुली त्या व्हिडिओवर होत्या, जाहिरातदार नव्हता. धाग्याचा प्रश्नच हा आहे. तुम्ही नका ठरवू मी कुठे बोलायचं ते.

खडूस_प्लॅनर
भांडू नका. पिवळा डॉलर प्लॅटफॉर्म लावतं, आम्ही नाही.

फ्रेमकापी
आणि प्लॅटफॉर्म कोणाच्या धाकाने लावतं? या शब्दांजवळ जाहिरात नको, अशा शब्दांच्या याद्या कोण देतं?

खडूस_प्लॅनर
...देतो. आम्हीच देतो. खरं सांगायचं तर वाचतही नाही, आधीच्या क्लायंटची फाइल उघडायची, नाव बदलायचं, पुढे ढकलायची. एकदा "शूट" शब्द यादीत होता म्हणून फोटोशूट पण गेलं आणि फुटबॉल पण गेला. बूट विकत होतो आम्ही, आणि फुटबॉलच बंद! तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही. २०२० मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं, कोविडचे शब्द याद्यांमध्ये पडले आणि लोक ज्या बातम्या सगळ्यात जास्त वाचत होते त्यांच्याच शेजारून जाहिराती गेल्या. एवढं मान्य करतो. पण यादी काढून टाका म्हणाल तर नाही, परत रात्रीचा फोन मलाच येतो.

शाळेची_बॅग
मी आई म्हणून बोलते. जाहिरातदार कचरतात ना, कचरू देत की. माझ्या मुलीने अकराव्या वर्षी अकाउंट उघडलं, वय विचारलं तेव्हा जन्मसालाची यादी बोटाने सरकवली आणि जिथे थांबली ते साल टाकलं. त्या हिशोबाने ती २२ वर्षांची. मला कळलं कधी, तर तिला वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात दिसायला लागली आणि ती जेवताना पोळी बाजूला ठेवायला लागली तेव्हा. अमेरिकेत तेराच्या खालच्या मुलांची माहिती पालकांना न विचारता गोळा केली म्हणून २०१९ मध्ये गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. युरोपात तर अल्पवयीन मुलांची माहिती वापरून त्यांना हेरून जाहिरात दाखवायलाच बंदी आहे. हे कायदे उगाच आलेले नाहीत.

रील_वाली
ताई, गोळ्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण अकरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांची मी एक नाही ना. तिच्यासाठी लावलेलं कुलूप मला पण का?

शाळेची_बॅग
कारण तिकडे बसलेल्याला तुम्ही दोघी एकच दिसता. २२ आणि २०.

दोन_सेकंद
हे मात्र मी धरलं नव्हतं. मी सेकंद मोजत बसलो, माणूस कोण ते मोजलंच नाही. तरी पी अँड जीचा मुद्दा सोडत नाही मी.

खडूस_प्लॅनर
ताई, "१८ ते २४" चा रिपोर्ट मी दर सोमवारी पाठवतो. त्यात अशा किती मुली आहेत ते मला सांगता येणार नाही, क्लायंटनेही कधी विचारलेलं नाही. या सोमवारी रिपोर्टसोबत मीच लिहून पाठवतो.

फ्रेमकापी
आणि यादी? "पाळी" आहे का त्यात, बघून सांगा.

खडूस_प्लॅनर
बघितलं. आहे. काढतो.