विषय: सहलीच्या गाड्या – आधी बॅगा मोजा

नमस्कार मंडळी,
सहलीच्या माहितीपत्रकात भाड्याच्या गाड्यांवर दोन ओळी घालायच्या आहेत. माणसं १२, प्रत्येकाची एक मोठी बॅग. एकच मोठी गाडी घ्यावी की दोन? टॅक्सीचंही जाणकारांनी सांगावं.

> उत्तर:
ताई, दोनच घ्या, आणि माणसांच्या आधी बॅगा मोजा. सेव्हन सीटरची तिसरी रांग उघडली की डिकीत केबिन बॅगा दोन-तीन मावतात, बस्स. मोठ्या बॅगांसाठी ती रांग पाडली की गाडी पाच जणांची झाली. सहा माणसं नि सहा मोठ्या बॅगांना ९ सीटांची व्हॅन हवी, तीही लांब बॉडीची. आखूड बॉडीत मागच्या रांगेमागे जागाच उरत नाही.

ब्रिटन-युरोपात मोटारीच्या साध्या, म्हणजे बी वर्गाच्या लायसनवर ड्रायव्हर सोडून ८ सीट आणि ३,५०० किलो एकूण वजन, इथपर्यंतच चालवता येतं. माणसं कमी बसवली म्हणून सूट नाही, सीटा मोजतात. पुढे १६ प्रवाशांपर्यंत डी-१ लागतं.

अमेरिकेत १५ सीटांची व्हॅन बहुतेक ठिकाणी साध्या लायसनवर चालते, पण ती खच्चून भरू नका, ही कळकळीची विनंती. भरल्यावर भार वर आणि मागच्या चाकांच्याही मागे जातो. जोरात स्टिअरिंग फिरवलं की गाडी उलटते. माणसं पुढच्या रांगांत बसवा, टपावर काही बांधू नका, निघण्याआधी टायरची हवा तपासा.

> उत्तर:
दादांचं अगदी बरोबर. टॅक्सीचं मी सांगते.

लंडनची काळी कॅब हात करून थांबवता येते. नव्या कॅबमध्ये सहा जण बसतात, त्यातले तिघं घडीच्या सीटांवर मागे तोंड करून. पण तिला डिकी नाही. सामान ड्रायव्हरशेजारी किंवा पायांशी, म्हणून बॅगांसकट सहाजण धरू नका. मिनीकॅब, म्हणजे खाजगी भाड्याची गाडी, मात्र बुक करूनच घ्यायची. स्टेशनबाहेर कुणी जवळ येऊन "टॅक्सी?" विचारलं तर सरळ नाही म्हणा: बुकिंग नसेल तर त्या फेरीला विमा नसतो. बसण्याआधी नंबरप्लेट बुकिंगच्या मेसेजशी ताडून बघा.

न्यूयॉर्कची हिरवी टॅक्सी मॅनहॅटनच्या दक्षिण भागात रस्त्यावरून प्रवासी उचलत नाही, तिथे पिवळीच. जपानमध्ये मागचं डावं दार ड्रायव्हर आपल्या जागेवरून उघडतो-मिटतो, हँडल ओढू नका.