जलाशयाची पातळी उतरवताना दरडी का कोसळतात?

चौकस: धरण भरताना काठचा डोंगर भिजून सरकतो, हे समजतं. पण पाणी सोडल्यावरही दरडी येतात, ते कसं? पातळी उतरवण्याचा सुरक्षित वेग ठरलेला असतो का?

झिरपा: जलाशयातलं पाणी काठाला बाहेरून टेकू देतं. पातळी 10 मीटर उतरली की टेकू गेला, पण डोंगराच्या पोटातलं पाणी तेवढ्या लवकर निथळत नाही. चिकणमाती असेल तर आतली पातळी जवळपास तशीच राहते. पाणी निथळलं असतं त्यापेक्षा छिद्रदाब (मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब) 100 किलोपास्कलपर्यंत जास्त राहू शकतो, आणि कण एकमेकांवर कमी दाबले गेल्याने तेवढं घर्षण मिळत नाही. शिवाय बाहेर झिरपणारं पाणी मातीला उताराकडे ओढतं ते वेगळंच. खडी-वाळूत पाणी बरोबरीने उतरतं, तिथे ही भीती कमी.

पायथा: भरतानाही नुसतं 'भिजणं' हे कारण नाही. पायथ्याचा भाग वरच्या वजनाला अडवून धरतो. तो बुडाला की पाणी त्याला वर उचलतं आणि त्याचं प्रत्यक्ष दाबणारं वजन घटतं. इटलीतल्या व्हायाँट धरणाच्या काठी चुनखडीतल्या चिकणमातीच्या पातळ थरांवरून डोंगर सरकत होता. आधी पातळी उतरवल्यावर सरक मंदावली होती, म्हणून पुन्हा तोच उपाय केला. या वेळी मात्र वेग वाढतच गेला, दिवसाला 20 सेंटीमीटरच्या घरात. 9 ऑक्टोबर 1963 ला सुमारे 27 कोटी घनमीटर खडक जलाशयात आला. 262 मीटर उंचीचं धरण टिकलं, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने सुमारे 2000 माणसं गेली.

झिरपा: वेगाबद्दल: सगळीकडे चालेल असा आकडा नाही, आणि कुणी दिला तर विश्वास ठेवू नका. घसरपट्टीच्या (ज्या थरावरून डोंगर सरकतो त्याच्या) वर आणि खाली वेगवेगळे पिझोमीटर, म्हणजे जमिनीतल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या, बसवा. एकाच नळीत दोन्ही थरांचं पाणी मिसळलं तर वाचन निरुपयोगी. पातळी टप्प्याने उतरवा आणि आतलं पाणी मागे रेंगाळताना दिसलं की थांबा. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणाच्या जलाशयाची पातळी दरवर्षी 175 ते 145 मीटर अशी खालीवर होते, त्यामुळे तिथे हा प्रश्न दर वर्षीचाच.

पायथा: पावसाची नोंदही सोबत ठेवा. थ्री गॉर्जेसमध्ये जून 2003 मध्ये पातळी 135 मीटरला पोचली आणि 13 जुलैला पावसानंतर छ्यानज्यांगफिंगची दरड आली. जमिनीच्या आतली सरक मोजणाऱ्या इन्क्लिनोमीटरची नळी जास्त सरकीत कापली जाते, म्हणून पृष्ठभागावरचे बिंदूही मोजत राहा. सरकीच्या वेगाचा व्यस्त (1 भागिले वेग) काळासमोर आलेखावर मांडा. रेषा शून्याकडे झुकू लागली की आधी काठची वस्ती हलवा. घाबरून झडप पूर्ण उघडू नका, त्याने टेकू आणखी लवकर जातो.