केफ्लाविकमधले सात तास: घरच्या ग्रुपवरील चर्चा

धाकटी: सर्वांना नमस्कार. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पॅरिसहून बॉस्टनला जाणार आहे आणि वाटेत आइसलँडच्या केफ्लाविक विमानतळावर मला सात तास थांबायचे आहे. आत्या, तुम्ही दोघे या वाटेने दोनदा जाऊन आला आहात, म्हणून विचारते: तेवढ्या वेळात राजधानी रेक्याविक पाहून परतता येईल का, की विमानतळावरच पुस्तक वाचत बसावे?

दादा: सात तास पुष्कळ झाले. माझे ऐकशील तर सरळ ब्लू लगून, म्हणजे ते गरम पाण्याचे स्नानकुंड, गाठ. विमानतळापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे, आणि आइसलँडला उतरूनही तिथे गेलो नाही म्हटल्यावर पुढे हळहळ वाटत राहील.

आत्या: दादाचा उत्साह मी समजू शकते, परंतु आधी वेळेचा हिशेब मांडून पाहा. विमानातून उतरून बाहेर पडेपर्यंत पाऊण तास जातो. अमेरिकेच्या विमानासाठी सुरक्षा तपासणीनंतर पासपोर्टची आणखी एक रांग असते, त्यामुळे परत येताना निदान अडीच तास हाताशी ठेवायलाच हवेत. म्हणजे सातातले उरतात पावणेचार. रेक्याविक तिथून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. बसची वाट पाहणे धरून जाण्यायेण्यातच दोन तास मोडतात. पहिल्या खेपेस आम्ही हेच केले, आणि त्या शहराची आठवण म्हणून माझ्याजवळ फक्त दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहणे एवढेच उरले आहे. ब्लू लगूनचे आरक्षण आगाऊ करावे लागते, कपडे बदलणे आणि अंघोळ यातही वेळ जातो, आणि त्या भागात २०२३ च्या अखेरीपासून ज्वालामुखीचे उद्रेक वरचेवर होत आल्याने ते अधूनमधून बंद ठेवावे लागले आहे. थोड्या तासांचा पाहुणा अशा ठिकाणी जाऊन काही पाहण्याऐवजी धावपळच करतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही विमानतळाला लागून असलेल्या केफ्लाविक गावातच राहिलो, आणि तुलाही मी मनापासून तेच सुचवीन. टॅक्सीने दहा मिनिटांत गाव येते. विमानतळाला नाव या गावाचे आहे, पण हजारो प्रवासी गावाकडे न पाहताच पुढे निघून जातात, याचे मला आजही वाईट वाटते. समुद्राला धरून जाणारा हाफ्नारगाटा हा मुख्य रस्ता आहे. त्याने चालत चालत लहान होड्यांच्या बंदराकडे जावे. बंदराजवळ ड्यूस नावाच्या जुन्या इमारतींत गावाचे संग्रहालय आहे, आणि पुढे खडकात एक गुहा केली आहे, तिच्यात एक राक्षसीण राहते. लहान मुलांच्या एका गोष्टीतली ही राक्षसीण झुलत्या खुर्चीत झोपलेली असते आणि तिचे घोरणे ऐकू येते. मी पंचावन्न वर्षांची बाई, पण त्या अंधाऱ्या दारात उभी राहून ते घोरणे ऐकताना आपसूक पावले हळू टाकू लागले. तिथून खाली आलीस की काळ्या खडकाच्या कड्याखाली पाणी आपटताना दिसते. तेथे अर्धा तास बसलीस तरी सात तासांचे चीज झाले असे समज.

थोरले काका: ते सारे ठीक आहे, पण बाहेर पडायला व्हिसा लागेल ना? आपला पासपोर्ट भारतीय आहे. बाहेर पडल्यावर परत आत घेतले नाही तर पोरीने काय करायचे?

आत्या: थोरले दादा, तुमची शंका रास्त आहे. आइसलँड २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. ती पॅरिसहून येणार असल्यामुळे आधीच त्या क्षेत्रात असेल, तेव्हा उतरल्यावर पासपोर्टची तपासणी न होता ती सरळ बाहेर पडू शकते. क्षेत्रातून बाहेर पडल्याची नोंद बॉस्टनच्या विमानाआधी केफ्लाविकलाच होईल. मात्र तिच्या शेंगेन व्हिसाची मुदत आणि मिळालेले दिवस त्या तारखेपर्यंत पुरले पाहिजेत, हे तिने आजच उघडून पाहावे. तीच लंडनहून आली असती तर गोष्ट वेगळी होती, कारण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि विमानतळाबाहेर पाऊल ठेवण्यासाठीही शेंगेन व्हिसा दाखवावा लागला असता. शिवाय पॅरिसला सामान देतानाच चिठ्ठीवर बॉस्टनचे नाव आहे ना, हे वाचून घ्यावे, म्हणजे मधे पेटी ओढत हिंडावे लागणार नाही.

धाकटी: काका, व्हिसा पाहिला, दिवस पुरतात. आत्या, दोन खंडांमधला पूल तिथे जवळच आहे असे वाचले. तो पाहणे जमेल का?

आत्या: जमेल, पण मग गावातला वेळ निम्मा होईल. विमानतळापासून गाडीने वीसेक मिनिटांवर तो लोखंडी पादचारी पूल आहे. युरेशियाचे आणि उत्तर अमेरिकेचे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर दूर सरकत आहेत, आणि त्या ताणाने पडलेल्या एका भेगेवर तो बांधलेला आहे. खरे सांगायचे तर दोन खंडांची सीमा म्हणजे एकच रेघ नसून अनेक किलोमीटर रुंद असा भेगाळलेला पट्टा आहे. तरीही पुलाखालच्या काळ्या वाळूत उतरून दोन्ही बाजूंच्या भिंतींना हात लावावासा वाटतो, आणि मी लावला. जायचेच असेल तर टॅक्सी तिथे थांबवून ठेव, कारण त्या उघड्या माळावर दुसरी मिळणार नाही, आणि भाडे आधी विचारून घे.

दादा: आत्या, मी माझी सूचना मागे घेतो. पण गाव तेवढे लहान असेल तर पाऊस आल्यावर तिने काय करावे?

आत्या: संग्रहालयात जावे किंवा एखाद्या कॅफेत खिडकीजवळ बसावे, पैसे सगळीकडे कार्डाने देता येतात, त्यामुळे तिथले चलन क्रोना बदलून घेण्याची गरज नाही. छत्री मात्र नेऊ नये, तिथला वारा ती उलटी करतो. टोपी असलेले वाराबंद जाकीट न्यावे. आइसलँडचे घड्याळ बारा महिने ग्रिनिचवरच चालते, म्हणून सप्टेंबरात ते पॅरिसच्या दोन तास मागे असेल. फोनने वेळ बदलली आहे याची खात्री करून मगच परतीचा गजर लावावा, आणि तो विमान सुटण्याच्या वेळेवरून न लावता विमानात बसण्याच्या वेळेवरून लावावा. आणि धाकटे, टॅक्सीतून उतरताना दाराची कडी सोडण्याआधी दार दुसऱ्या हाताने घट्ट धर. माझ्या हातातून वाऱ्याने ते एकदम खेचून नेले होते आणि मनगट दोन दिवस दुखत होते.