बाप घरात, पोरगं रस्त्यावर: असं का?

"आईबाप धडधाकट असून पोरांना सिग्नलवर उभं करतात, त्यांनाच आत टाका" असं सिग्नलवर भीक मागणाऱ्या सीरियन निर्वासित मुलांबद्दल बोललं जातं. मला हे अजिबात पटत नाही. लेबननपुरतं बोलतो.

२०११ मध्ये सीरियात युद्ध पेटल्यावर तिथे आलेल्या सीरियन मोठ्या माणसांपैकी बहुतेकांकडे वैध निवास परवाना नाही. जानेवारी २०१५ मध्ये नियम कडक झाले: नूतनीकरणाला तेव्हा माणशी वर्षाला २०० डॉलर, वर कागदपत्रांचा ढीग. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ही फी नव्हती. परवाना नसलेला बाप रस्त्यावरच्या तपासणी चौकीवर सापडला की अटकेची भीती. दहा वर्षांच्या पोराला सहसा कोणी हटकत नाही. मग घराबाहेर कोण पडणार?

भीक डोळ्यांना दिसते, शेतातली मुलं दिसत नाहीत. लेबननच्या बेका खोऱ्यात ट्रॅक्टर माती उलटवत पुढे जातो आणि मागे ही लेकरं वाकून बटाटे वेचतात, पोती भरतात. ही कुटुंबं राहतात त्या तंबूची जागा आणि शेतातलं काम, दोन्ही बऱ्याचदा 'शावीश'च्या, म्हणजे मुकादमाच्या हातात. मजुरीत त्याचाही वाटा, आणि थकलेलं भाडं कित्येकदा पोरांच्या श्रमातूनच वळतं होतं. सरकारी शाळांत या मुलांसाठी दुपारची पाळी आहे हो, पण सकाळपासून कंबर मोडलेलं पोर तिथे काय शिकणार?

आईबापांना आत टाकलं तर उरलेल्या भावंडांचं पोटही त्याच पोरावर येईल. २०१६ मध्ये तुर्कस्तान आणि जॉर्डनने सीरियनांना कामाचे परवाने द्यायला सुरुवात केली. अपुरे, अटींनी जखडलेले, तरी दिले. लेबननमध्येही आधी बापाला उघडपणे कामावर जाऊ द्या.